रोमचा माग तेरच्या पांढरीत

प्राचीन रोमच्या खुणा पाहायला सुटीत कुठे जावे, असे कुणी विचारले तर आपण सहज म्हणू, की इटलीला. तिथे मोठाले दगडी खांब आहेत, कमानी आहेत, हजारो माणसे बसतील अशी क्रीडागारे आहेत. हे खरेच आहे. पण इटलीचा प्रवास तुमच्या-माझ्या खिशाला झेपणारा नाही. आणि वाचकहो, रोमशी आपल्या मुलखाचा जो संबंध होता, त्याच्या खुणा पाहायला इतके दूर जाण्याचे कारणही नाही. लातूरहून मुरूड, ढोकी असे सुमारे पन्नास किलोमीटर गेले, की तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव लागते. जिल्हा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊकच आहे. त्याच तेरची आणखी एक ओळख आज करून द्यायची आहे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चार मित्र तेरला गेलो होतो. मी आणि माझे एक सहकारी नांदेडहून निघालो आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूर गाठले. तिथे आमचे दोन जुने मित्र येऊन मिळाले. एक प्राथमिक शिक्षक आणि दुसरे औशाकडचे शेतकरी. शिक्षक मित्राला शाळेची सहल आखायची होती. शेतकरी मित्राचा मात्र रोखठोक सवाल होता. तो म्हणाला, “रोमला आपला माल जात होता म्हणतोस, चांगलं आहे. पण पिकवणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या पदरात त्यातलं काय पडत होतं, तेवढं सांग. नुसत्या मोठेपणाच्या गोष्टी नकोत.” सवाल रास्त होता. तेव्हा आधी हकिकत सांगतो आणि मग त्या सवालाकडे येतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्त देश रोमन साम्राज्यात होता. तिथल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची एक वही लिहून ठेवली. तिचे नाव ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचे नाव वहीत नाही, पण माणूस मोठा व्यवहारी दिसतो. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय विकत मिळते, कुठे वाळूचे बांध आहेत, कोणत्या महिन्यात निघावे, हे तो नेमके सांगतो. भडोच बंदराला तो बारीगाझा म्हणतो. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे त्याने लिहिले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून जाडेभरडे कापड पुष्कळ, मलमलीचे नाना प्रकार आणि मोलोखिना नावाचे कापड येते. आणि हा सारा माल गाड्यांवर लादून, जिथे धड वाट नाही अशा मुलखातून भडोचला नेतात, असेही तो सांगतो.

आता जरा नकाशा पुढे घ्या. शिक्षक मित्रांनी तर हा हिशेब वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. त्याला वीस दिवस लागतात, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशेच्या आसपास. त्याला दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या बैलगाडीची चाल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, की हा हिशेब बैलांच्या पायांशी जुळतो. तेर पैठणच्या अगदी पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, एवढाच काय तो फरक. परक्या देशातल्या माणसाने ऐकीव माहितीवर लिहिले, त्या मानाने तो काहीच नाही.

आणखी एक मेळ पाहण्यासारखा आहे. इजिप्तची गलबते जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येत आणि ईशान्येचा वारा सुरू झाला की हिवाळ्यात परत फिरत. म्हणजे परतीचा माल तोवर भडोचला पोचलेला हवा. तेरहून भडोच तीस दिवसांची वाट. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतते आणि नद्या दुथडी भरलेल्या असतात. तेव्हा दसऱ्याला शिलंगण झाले, नद्या उतरल्या, की तेरच्या गाड्या जुंपल्या जात असणार, असा अंदाज बांधता येतो. रोमच्या बाजाराची घडी आणि आपल्या दसरा-दिवाळीची घडी अशी एका वाऱ्याने बांधलेली होती!

हे तगर म्हणजेच तेर, हे कसे ठरले? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विद्वानांत यावर बराच खल चालला होता. कुणी तगर म्हणजे देवगिरी म्हणत, कुणी जुन्नर, तर कुणी धारूर. 1901 मध्ये फ्लीट या शिलालेखांच्या अभ्यासकाने ते तेरच असल्याचे मांडले. अंतराचा पुरावा त्याने घेतलाच, शिवाय नावाचाही घेतला. तगर या शब्दातला ‘ग’ बोलता बोलता झिजतो, तयर होते आणि पुढे तेर. आपल्याकडे नगरचे नेर झाले ते असेच. अमळनेर, पारनेर, जामनेर ही नावे आठवून पाहा. लगेच 1902-03 मध्ये पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेर पाहिले. गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळाची मागची बाजू गोल आहे. देऊळ विटांचे, आकार हत्तीच्या पाठीसारखा. ही मुळातली बौद्ध चैत्याची बांधणी असून पुढे तिथे विष्णूची स्थापना झाली, हे कझिन्स यांनी ओळखले. आजही त्या देवळात पूजा होते. म्हणजे हे वापरातले, जिवंत अवशेष आहेत.

त्यानंतर 1958 मध्ये चापेकर यांनी तेरला उत्खनन केले. त्याचा अहवाल 1969 मध्ये छापला गेला. पुढेही वेळोवेळी खणती झाल्या. सातवाहन राजांच्या काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा थर हा तेरच्या भरभराटीचा थर, हे त्यांतून स्पष्ट झाले.

आता तुम्ही म्हणाल, तिथे गेल्यावर दिसते काय? आमच्या सहकाऱ्यांनीही गावाबाहेरच्या टेकाडावर उभे राहून हेच विचारले. खांब नाहीत, कमानी नाहीत. आहे ती फक्त पांढरी. पण शेतकरी बंधूंनो, पांढरी म्हणजे काय ते तुमच्याइतके कुणाला कळणार? काळीत पीक येते आणि पांढरीत माणूस राहतो. पिढ्यान् पिढ्या चुलींची राख पडते, भिंती पडतात, शेणामातीचे थर चढतात, खापऱ्या मिसळतात, आणि जमीन उंच व भुरकट होते. तेरची टेकाडे अशीच वाढलेली आहेत. पावसाने कड ढासळली की तिच्यात विटांची ओळ दिसते, खापरांचा थर दिसतो, शंखाच्या बांगडीचा तुकडा डोकावतो. रोममध्ये राजांनी दगड उभे केले म्हणून ते दिसतात. तेरमध्ये विणकर, कुंभार, मणियार राहिले, म्हणून त्यांची माती दिसते.

आणि या मातीतून काय निघाले, ते पाहायला तेरचेच वस्तुसंग्रहालय आहे. त्याला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. लामतुरे हे काही पदवीधर संशोधक नव्हेत. तेरचेच रहिवासी. पावसाने उघड्या पडलेल्या, शेतात सापडलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, सांभाळल्या. हा हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यातून संग्रहालय उभे राहिले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर एक छोटे पुस्तक लिहिले, इतकी या वस्तूंची कीर्ती झाली. पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या बाहुल्या तिथे आहेत. त्यांच्या केसांची ठेवण आणि दागिने पाहत राहावे असे आहेत. काचेचे व रंगीत दगडांचे मणी आहेत, दिवे आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही तिथे जपून ठेवली आहे. आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, तिच्यापुढे मात्र जरूर थांबा.

कारण या मूर्तीची एक बहीण इटलीत आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात 1938 मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी असावी असे मत झाले. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासारखी मूर्ती शोधताना अभ्यासकांची नजर आपल्या मराठवाड्याकडे वळली. तेरची ही मूर्ती तिच्याशी मिळतीजुळती आहे. आणि 1973 मध्ये मराठवाडा विद्यापीठ व नागपूर विद्यापीठ यांनी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा तिथेही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. पाँपेई 79 साली बुजले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तारखेचा इतका पक्का पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो.

पक्का म्हटले म्हणून गोरोबाकाकांची आठवण होते. संतमेळ्यात थापटणे घेऊन त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ते सांगितले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. इतिहासाच्या अभ्यासकालाही हेच करावे लागते. जे जे सापडले ते रोमचे, असे म्हणून चालत नाही. पाँपेईच्या मूर्तीवरच थापटून पाहू. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ही लिपी वायव्य हिंदुस्थानातली. तेव्हा मूर्ती आपल्या घडणीची दिसते, पण ती नेमकी तेरला किंवा भोकरदनला घडली हे मडके अजून पुरते भाजलेले नाही. दुसरे उदाहरण नाण्यांचे. तेरला मातीची लहान चकत्यांसारखी पदके मिळाली आहेत. त्यांच्यावर रोमन नाण्याची नक्कल उठवलेली आहे आणि ती गळ्यात घालायची आहेत. ही काही रोमहून आली नाहीत, इथल्याच कारागिराने केली. पण नक्कल कशाची होते? जे लोकांनी पाहिलेले असते आणि ज्याची हौस असते, त्याचीच. गळ्यात पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको. तिसरे उदाहरण भांड्यांचे. भारतात सापडलेल्या दारू-तेलाच्या काही उंच रांजणांना पूर्वी सरसकट रोमन म्हणत. अलीकडच्या तपासणीत त्यांतले बरेचसे इराणच्या आखाताकडचे ठरले. पुरावा बदलला की मत बदलावे लागते. त्यात कमीपणा नाही.

तरीही पक्की मडकी पुष्कळ उरतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत 1940 नंतरच्या दशकात काशाच्या वस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची मूर्ती निघाली. ती खास तिकडचीच. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आहेत. आणि इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात, कोरड्या वाळूमुळे, भारतीय सुती कापडाचे तुकडेसुद्धा टिकून राहिले. आपल्या पाऊसपाण्याच्या मातीत कापड कुजते. तेरचे सगळे वैभव कापडाचे, म्हणून तेरला तेच नेमके दिसत नाही.

आता शेतकरी मित्राच्या सवालाकडे वळू. या व्यापारात पैसा किती होता? प्लिनी नावाचा रोमन लेखक पहिल्या शतकात तक्रार करतो, की हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्यातून 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे तिकडचे नाणे. प्लिनी चिडून लिहीत होता, म्हणून त्याचा आकडा सावधपणे घ्यावा. पण 1985 मध्ये दुसऱ्या शतकातला एक करारनामा प्रसिद्ध झाला. केरळच्या मुझिरिस बंदराहून इजिप्तला आलेल्या हर्मापोलोन या एकाच गलबतातल्या मालाची किंमत त्यात जवळजवळ 70 लाख सेस्टर्स धरलेली आहे. आणि रोमन सरकार या मालावर जकात किती घेई? चौथा हिस्सा! चौथाई हा शब्द आपल्याला नवा नाही. माल अलेक्झांड्रियाला पोचला की चौथाई सरकारची. शिवाय गलबतवाला, सावकार, भडोचचा दलाल, गाडीवान, वाटेवरचे नाके. मित्र हसून म्हणाला, “म्हणजे तेव्हाही मधलेच लोक फार!” खोटे नाही.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचे नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर खर्च चालवायचा. आता विचार करा. राजाचा जावई आपला पैसा कुणाकडे ठेवतो? विणकरांकडे! कारण त्यांचा संघ होता, त्यांची पत होती, व्याज चुकणार नाही याची खात्री होती. एकटा विणकर बाजारात दुबळा असेल. श्रेणीतला विणकर पतपेढीसारखा भक्कम होता. लेख नाशिकचा आहे, पण काळ तोच आणि धंदाही तोच. तेरच्या कापडामागेही अशीच एकजूट असेल, असे मानायला जागा आहे. मधले लोक त्या काळीही होते. पण ज्यांनी संघ केला त्यांच्या पदरात पत पडली. आज सहकारी संस्था चालवणाऱ्या गावांनी हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला ध्यानात ठेवावा.

हा व्यापार कायमचा राहिला नाही. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली आणि रोमन साम्राज्यातही बंडाळी माजून नाण्याचा कस उतरला. व्यापार आटला. पण तगराचे नाव पुसले गेले नाही. पुढे कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राज्य दूर, पण मूळ तेरचे सांगण्यात भूषण. आणि त्याही पुढे तेराव्या-चौदाव्या शतकात याच मातीत चिखल तुडवीत एका कुंभाराने विठ्ठलाचे नाव घेतले आणि तेर पुन्हा महाराष्ट्राच्या ओठांवर आले.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. ही पांढरी आज संपत चालली आहे. माळवदावर टाकायला, भिंती लिंपायला, शेतात खत म्हणून पांढरीची माती न्यायची आपली जुनी रीत. पूर्वी टोपलीने आणि गाडीने माती जायची, तेव्हा नुकसान हळूहळू व्हायचे. आता यंत्राचे एक दात असलेले तोंड दुपारभरात एक शतक उचलून नेते. ही गोष्ट एकट्या तेरची नाही. नांदेड-लातूर भागात नदीकाठच्या कितीतरी गावांना अशी जुनी पांढरी आहे. एखादी वस्तू टेकाडातून निघाली की तिची किंमत राहते असे आपल्याला वाटते. पण ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, हे कळले नाही तर ती मुकी होते. पाँपेईची मूर्ती बोलते, कारण तिच्यावरची राख कोणत्या साली पडली ते आपल्याला ठाऊक आहे.

कायदाही जाणून घ्या. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर ते कलेक्टरला कळवावे, असे 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. त्यात सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. सरकार सगळे हिरावून नेते, ही समजूत पुष्कळदा भीतीपोटी असते आणि त्या भीतीपोटीच वस्तू वितळवल्या जातात किंवा फेरीवाल्याच्या पोत्यात जातात. तेव्हा नांगराला काही लागले, तर ते तसेच ठेवा, जागेची खूण करा, आणि तलाठ्याला व शाळेतल्या गुरुजींना सांगा.

शिक्षक मित्रांनी तेरची सहल जरूर काढावी. जाण्याआधी संग्रहालय उघडे आहे ना, याची चौकशी करावी. लातूर जिल्ह्यातली खरोशाची लेणी आणि धाराशिवची लेणी यांचीही त्याला जोड देता येईल. मुलांना टेकाडावर न्या, पण खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू देऊ नका. उचलून पाहा, बोला, आणि होता तिथे ठेवा. परत आल्यावर आपल्या गावच्या पांढरीचा एक साधा नकाशा मुलांकडून काढून घ्या. माती कुठून नेली जाते, कुठे जुन्या विटा दिसतात, म्हाताऱ्या माणसांना त्या जागेचे कोणते नाव आठवते, एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ झाले. लामतुऱ्यांनी याहून वेगळे काय केले? त्यांनी आपल्या गावाकडे नीट पाहिले आणि पाहिलेले जपले. तेवढे तर तुमच्या-माझ्या हातचे आहे.